नुसते ओठ

पेटी बरोबर आहे असं रणोजीरावांनी सांगितलं तेव्हा मला आधी राग आला. भीती मागनं आली. मी माणूसच तसली. ठेच लागली की पहिल्यांदा दगडाला शिव्या देणार. “बरोबर कशी?” मी म्हटलं. “एका सुराच्या जागी दोन निघतायत तिच्यातनं. दसऱ्याच्या आधीपासनं निघतायत. शनिवारी तुमच्याकडे टाकली ती काय आरती ओवाळायला? आज अकरा वाजता माझ्या शाळेत तपासणी आहे, रणोजीराव. बस सुटायला अर्धा तास राहिला आणि तुम्ही मला पेटी बरोबर आहे म्हणून सांगताय!” मैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातलं त्यांचं दुकान म्हणजे एक फळी, एक स्टूल आणि भिंतीला टांगलेले फाटके भाते. आजोबांच्या काळात त्यांच्या घरी कापडं रंगवायचे, उंबऱ्याच्या दगडावर अजून निळा डाग आहे. ते काम बसलं तसे हे पेट्यांच्या दुरुस्तीकडे वळले. माझ्या वडलांची, अप्पांची, पेटी याच फळीवर उघडली जायची, आणि मी लहानपणी इथंच उभी राहून सुरांच्या पितळी पट्ट्या मोजायची. त्यामुळं माझं ओरडणं त्यांना नवं नव्हतं. शेजारी डबे ठोकणारा ठोकत होता, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. खणातनं एक शिटी काढली, एकच सूर देणारी, आणि फुंकली. “किती ऐकू आले?” दोन आले. एक इथं, एक त्याच्या जरा वर, आणि दोघांच्या मधे ती घाणेरडी थरथर, जी मला चार महिने झोपेतसुद्धा ऐकू येते. “दोन,” मी म्हटलं. “तुमची शिटीपण बिघडलीय.” रणोजीराव हसले नाहीत, याचंच मला पहिल्यांदा कसंतरी झालं. “सुम्ने भांडू नका, आक्का,” ते म्हणाले, “उगाच भांडू नका. उजवा कान झाका.”

झाकला. त्यांनी शिटी फुंकली आणि एकच सूर आला. स्वच्छ. चार महिन्यांनी पाहुणा यावा तसा तो समोर येऊन उभा राहिला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी पेटीचा भाता हलवला आणि तीही त्याच सुरात बोलली, केसाएवढा फरक नाही. “आता डावा झाका.” डावा झाकला तर सगळंच लांब गेलं, जाड झालं, आणि वर सरकलं. शिटी वर, पेटी वर, रणोजीराव “कळलं ना?” म्हणाले ते शब्दसुद्धा कुणा दुसऱ्याच माणसाचे. मी हात काढला. “ताप आलेला का मधे?” त्यांनी विचारलं. आलेला की. श्रावणात, दुसरीतल्या पोरांकडनं. गाल सुजून हे एवढे. मैसुरात त्याला मंगनबावु म्हणतात, माकडाची सूज, म्हणजे आपलं गालगुंड, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसाला मंगनबावु झाला म्हणून सगळी गल्ली हसली होती. मीही हसले होते, सूज उतरल्यावर. कानात थोडी शिट्टी राहिली होती, ती जाईल म्हटलं होतं डॉक्टरांनी, आणि कामाला लागायची घाई मलाच. “पुष्कळांचं होतं, आक्का,” रणोजीराव म्हणाले, “आमच्या सुब्बरावाचा एक कान असाच गेला. पण तो पानाच्या दुकानात बसतो, त्याला काय?” बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते पेटीला फडकं गुंडाळायला लागले. मी पेटी उचलली. येते म्हणायलाही विसरले.

शाळा बन्नूरला, बस नेहमीचीच. अकरा वर्षं तीच बस, तीच वेळ, जाताना शक्य तर खिडकीची जागा आणि मांडीवर पेटी. कंडक्टरनं शिटी मारली आणि दोन शिट्या झाल्या. मी पदर डोक्यावरनं घेऊन उजव्या कानावर गच्च ओढला, वारा लागतो म्हणून बायका ओढतात तसा. पुढच्या थांब्यावर शिटी एक झाली. म्हणजे खरंच. म्हणजे पेटी नाही, लाकूड नाही, चामडं नाही, मी. गाव मागं पडलं, ललितमहालाचा पांढरा घुमट वळणावर दिसला आणि गेला, आणि मी पेटीवर दोन्ही हात ठेवून बसले, कुणी हिसकावून नेईल अशी. शेजारची बाई बन्नूरला लेकीकडे चाललेली. तिनं कन्नडात विचारलं, आत काय आहे? श्रुतीपेटी, मी म्हटलं, सूर धरायची. गाता का तुम्ही? अय्यो, काय सांगू हिला. गाणं शिकवते, मी म्हटलं, शाळेत, आणि हे शब्द तोंडातनं जाताना मला पहिल्यांदा लबाडी केल्यासारखं वाटलं. अकरा वर्षं मी हे वाक्य ताठ मानेनं बोललेली आहे. बँकेत, देवळात, वहिनीच्या माहेरच्यांपुढे. लग्न नाही झालं का? नाही, गाणं शिकवते. हे काही उत्तर नव्हे, पण लोक गप्प बसायचे.

कन्नड मुलूख जोडून एक राज्य केलं त्याला बारा वर्षं झाली, पण आमच्या याद्या अजून जोडणं चालूच आहे. मुंबईकडचे, हैदराबादकडचे, कोडगूचे, मैसूरचे, सगळ्या मास्तरांची एक यादी करायची, आणि त्या यादीत आम्ही गाण्याचे मास्तर शेपटाला. मी तर शेपटाचंही टोक. अकरा वर्षं तात्पुरती. या वर्षी हुकूम निघाला की तपासणी होईल, जिथं मुलं बरी गातात तिथली जागा कायम, बाकीच्या बंद. बंद म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको. बंद म्हणजे सकाळी साडेसातला घरातनं बाहेर पडायचं नाही. बंद म्हणजे कमलाक्षीच्या स्वैपाकघरात दिवसभर तिच्या हाताखाली. वहिनी वाईट नाही माझी, गोड बोलते, पण मी घरी असले की भांडी जरा जोरात ठेवते. आणि पोरं? बन्नूरच्या शाळेच्या त्या लांब खोलीत, जिथं बाहेर गुऱ्हाळाचा वास सुटलेला असतो, चाळीस पोरं एकदम सा लावतात तेव्हा माझ्या छातीत काय होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला दुसरं काही येत नाही. दुसरं काही नकोही आहे. हे सगळं आज अकरा वाजता एका अनंतकृष्ण नावाच्या परीक्षकाच्या हातात, आणि माझा एक कान मेलेला.

पण डोकं भीतीतही धंद्याचा विचार करतं. बस मेगळापूर ओलांडेपर्यंत माझी युक्ती ठरली होती. पेटी आजवर मी उजव्या हाताला ठेवत आले, तशी अप्पांची शिकवण. आज डाव्या हाताला ठेवायची. पदर उजव्या खांद्यावरनं असा घ्यायचा की कान झाकेल. डाव्या कानानं सूर घ्यायचा, पोरांना द्यायचा, पोरं माझ्या मागं येतात, मी म्हणेन तिथं येतात. पाच मिनिटांची प्रार्थना, दोन मिनिटांचे अलंकार, झालं. कुणाला काय कळणार आहे? चार महिने कुणाला कळलं नाही. हेडमास्तर नरसिंहमूर्ती तर राष्ट्रगीत कुठं संपतं तेही पोरं खाली बसली की ओळखतात. मी गुडघ्यावर पेटी धरून, बसच्या घरघरीत, पदराखाली कान दाबून हलकेच गुणगुणून बघितलं. जमत होतं. मला एवढं हलकं वाटलं की शेजारच्या बाईनं दिलेलं उसाचं कांडं मी घेतलं आणि चावायला लागले. आणि चावता चावता थांबले. कारण चार महिने कुणाला कळलं नाही हे खरं नव्हतं. एकीला कळलं होतं.

नागरत्ना. चौथीतली. सडपातळ, कोपरं काळी, आई ऊसतोडीला जाते. पहिल्यापासनं ती पुढच्या रांगेत, पेटीच्या अगदी समोर उभी राहायची, आणि पेटीकडे बघून गायची, माझ्याकडे नाही. बाकीची पोरं माझं तोंड बघून गातात. तापातनं उठून शाळेत गेले त्या आठवड्यात मला पेटीतनं दोन सूर यायला लागले. मी म्हटलं, पेटीला पावसाळी हवा लागली, आणि त्या दोघांच्या मधे जिथं थरथर जरा कमी वाटते तिथं माझा आवाज लावला. मोठ्यानं. मी मोठ्यानंच गाते. चाळीस पोरं माझ्याबरोबर तिथं आली. एक आली नाही. एकटी खाली राहिली, पेटीजवळ. मला तो आवाज दाताखाली खडा यावा तसा लागायचा. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, “नागरत्ना, वर ये, ऐक जरा, सगळे कुठं आहेत, तू कुठं आहेस?” ती वर यायची, आणि पुढच्या ओळीला पुन्हा आपली खाली. एकदा म्हणाली, “मिस, पेटी इथं आहे.” बोटानं दाखवून म्हणाली. मला वाटलं उद्धटपणा करते. वर्ग हसला. मी तिला दंडाला धरून मागच्या रांगेत नेऊन उभं केलं आणि म्हटलं, “बरी तुटी. नुसते ओठ. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. मी म्हण म्हटलं तरी तू नुसते ओठ. कळलं?” तिनं मान हलवली. दसऱ्याच्या आधीची गोष्ट. आता पौष चाललाय. इतके दिवस ती मागच्या रांगेत उभी राहून ओठ हलवते, एकही अक्षर न चुकता, आणि मी समाधानानं तिच्याकडे बघते की पोरगी सुधारली.

उसाचा चोथा खिडकीबाहेर टाकला. हात चिकट झाले. पेटीच्या फडक्याला पुसू की नको असं झालं. नुसते ओठ ही काही माझी युक्ती नव्हे, सगळ्याच गाण्याच्या मास्तरांची ती. चाळिसात चार बेसूर असतातच, त्यांना घालवता येत नाही, आईबाप रागावतात. मग कानात सांगायचं, ओठ हलव. मंडपात लोकांना दिसतात सगळीच गाताना. अप्पांकडनं शिकले मी हे. आमच्या घरी रामनवमीला भजन असायचं, अप्पा पेटीवर, मी आणि दादा पुढे. दादा म्हणजे बिंदुमाधव, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तेरा-चौदाचा असेल, आवाज फुटायच्या वयाचा. मोठमोठी माणसं आलेली, आणि दादाचा आवाज मधेच घसरला. अप्पांनी भजन थांबवलं नाही. एक हात पेटीवरच ठेवून दुसऱ्यानं दादाचा कान जवळ ओढला आणि काहीतरी म्हणाले. मी शेजारीच होते, मला ऐकू आलं. “नुसते ओठ.” दादानं भजन संपेपर्यंत ओठ हलवले. त्या वर्षी हलवले, पुढच्या वर्षीही. आवाज फुटून स्थिर झाला, दादा मोठा झाला, कचेरीत लागला, लग्न झालं. आज माझा दादा पन्नाशीचा आहे, आणि रोज संध्याकाळी देवापुढे आरती होते तेव्हा हात जोडून उभा राहतो आणि नुसते ओठ हलवतो. त्याच्या पोरांना वाटतं बाबा मनातल्या मनात म्हणतात. कमलाक्षीला वाटतं भक्ती जास्त आहे. मला माहीत होतं, एकटीला, आणि मला आजवर ते गमतीचं वाटत आलेलं आहे. एकदा मी त्याला चिडवलंही होतं, “दादा, एकदा तरी आवाज काढ की!” तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “सांगितलंच नाही गं कुणी, आता काढ म्हणून.” मी त्यावरही हसले होते. बसमध्ये मला ते हसणं आठवलं आणि उरलेलं कांडंही मी खिडकीबाहेर टाकलं.

आजचा दिवस जाऊ दे, असं मी स्वतःला म्हटलं. म्हटलं हे कबूल करते. आज तपासणी होऊ दे, जागा कायम होऊ दे, मग उद्या त्या पोरीला पुढे आणीन, लाडू देईन, काय हवं ते करीन. आज ती मागं उभी राहून ओठ हलवेल, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. एका दिवसानं काय होतं? इतके दिवस गेले, आणखी एक. अशी मी मला समजावत बन्नूरला उतरले, आणि थांब्यापासनं शाळेपर्यंत उसाच्या गाड्यांमधनं वाट काढत, पेटी पोटाशी धरून, उजवा खांदा वर करून चालले. गाडीवाले हो हो करत होते ते दोन्हीकडनं दोन तऱ्हांनी ऐकू येत होतं. घाम आला होता, पौषातल्या सकाळी.

परीक्षक वेळेवर आले. अनंतकृष्ण हा माणूस मी उगाच आडदांड कल्पला होता. बारीक, नीटस, कपाळावर गंध, आवाज मऊ. मऊ आवाजाची माणसं मला जास्त घाबरवतात. हेडमास्तर त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची पुसत होते. शाळेत सगळं कन्नडातच चालतं, मी इथं आपल्या भाषेत सांगते आहे. मुलं रांगांत उभी, तेल लावून, भांग पाडून. मी पेटी डाव्या हाताला ठेवली. पदर ओढला. मागच्या रांगेत नागरत्ना होती. मी बघितलं नाही, पण होती. भाता हलवला, डाव्या कानात सूर आला, एकटा, सरळ, आणि मी तो उचलला. पोरं आली मागनं. आली! शारदेच्या प्रार्थनेचं पहिलं कडवं असं लागलं की खुर्चीतल्या माणसाची मान हलली. हेडमास्तरांनी त्यांची मान हललेली बघून आपली हलवली. मला वाटलं, झालं, वाचले मी, आणि त्याच क्षणी अनंतकृष्णांनी हात वर केला. “छान. आता तुम्ही थांबा, बाई. पेटी चालू ठेवा, मुलांना एकट्यानं म्हणू द्या.”

हे मी धरलं नव्हतं. मी गप्प झाले, भाता हलवत राहिले. पोरांनी दुसरं कडवं सुरू केलं. पहिली ओळ पेटीवर राहिली. दुसऱ्या ओळीला, कुणी ढकलल्यासारखी नाही, आपसूक, सवयीनं, पोरं वर सरकायला लागली. माझ्या जागेवर. दोन सुरांच्या मधली ती माझी जागा, जी मी त्यांना इतके दिवस रोज अर्धा तास शिकवली होती. चाळीस पोरं, एकजुटीनं, प्रामाणिकपणे, मी शिकवलेलं तंतोतंत म्हणत होती. मी पदरावरनं कान दाबला तरी थरथर आली. आता ती खरीच होती, खोलीत होती, सगळ्यांना ऐकू येणारी. अनंतकृष्णांच्या कपाळावर आठी पडली. हात पुन्हा वर झाला. मुलं थांबली. पेटी एकटीच वाजत राहिली, मग मी ती थांबवली.

“मुलं एकीकडे आणि पेटी एकीकडे,” ते मऊपणानं म्हणाले. “पेटी बिघडली आहे का, बाई?” मी तोंड उघडायच्या आत हेडमास्तर पुढे झाले. “होय सर! शनिवारीच दुरुस्तीला दिली होती, मीच सुट्टी दिली बाईंना त्यासाठी. जुनी पेटी आहे, सर. मुलांचा काही दोष नाही.” नरसिंहमूर्ती काही वाईट माणूस नव्हेत. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं, मी फक्त आत जायचं होतं. अनंतकृष्णही मानेनं होय म्हणत होते, “जुन्या पेट्यांचं होतं असं,” हातातल्या कागदावर पेन टेकवलेलंसुद्धा होतं. एक होय म्हणायचं. बघा ना, पेटीला पोट नाही, वहिनी नाही, पेटीला कुणी विचारणार नाही. इतके दिवस मी तिच्यावरच ढकललं, आणखी एक दिवस. माझ्या जिभेवर तो शब्द आला होता. आणि मला दिसलं, मागच्या रांगेत, सगळा वर्ग गप्प असताना, ती अजून ओठ हलवत होती. बाकीची थांबली ते तिला कळलं नसेल, किंवा कळूनही कडवं पुरं करत असेल, कारण तिचं थांबणं न थांबणं कुणाच्या कानावर जाणारच नव्हतं. डोळे पेटीवर. कडवं संपवलं, ओठ मिटले.

“पेटी बरोबर आहे, सर,” मी म्हटलं. आवाज रणोजीरावांचा असावा तसा शांत आला, मलाच नवल वाटलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भरलं पातेलं अंगणात उपडं केलंय. “पेटी बरोबर आहे. नागरत्ना, पुढे ये.” पोरं वळून बघायला लागली. ती आली, दोन्ही हात फ्रॉकच्या बाजूला घट्ट, आणि आपल्या जुन्या जागेवर, पेटीच्या समोर उभी राहिली. तिथं उभं राहायला तिला सांगावं लागलं नाही. मी भाता हलवला. “सा म्हण.” तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं, नीट, जसं मी शिकवलेलं, जीभ खाली, जबडा सैल. काही ऐकू आलं नाही.

मला वाटलं गेला. डावाही गेला. मी भाता जोरात हलवला. मग पेटी ऐकू येतेय हे लक्षात आलं, बाहेर गाडीचा बैल ऐकू येतोय. पोरीचं तोंड उघडं होतं, गळ्याची शीर ताणलेली, आणि आवाज नव्हता. “म्हण,” मी म्हटलं. तिनं पुन्हा म्हटलं. नुसते ओठ. मागं कुणीतरी फिसकन हसलं. “ही मुकी आहे का, बाई?” अनंतकृष्णांनी विचारलं. “नाही सर, नाही,” हेडमास्तर घाईनं म्हणाले, “लाजते. बाई, तिला जाऊ द्या. तुमचा तो शंकर म्हणतो चांगलं, त्याला बोलवा.” परीक्षकांनी घड्याळाकडे बघितलं. मला चाळीस पोरांसमोर रडायचं नव्हतं. मी त्या खोलीत अकरा वर्षांत कधी रडले नाही. मी खाली वाकले, तिच्या तोंडासमोर तोंड आणलं, आणि तिनं माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं, आणि अगदी हळू, माझ्यापुरतं, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं असं विचारलं, “मिस, आवाज काढू?”

पेन कागदावर थांबलं होतं ते मला बाजूनं दिसत होतं. “हिला येतं, सर,” मी म्हटलं. “वर्गात हिलाच येतं. मीच हिला गप्प केलं. ऐकू मला येत नाही.” हेडमास्तर “बाई!” म्हणाले. मी भाता हलवला, पेटी बोलायला लागली, आणि सगळ्यांच्या देखत मी डोक्यावरचा पदर मागं टाकला, उजव्या कानावर तळवा दाबून धरला आणि तिला म्हटलं, “काढ.”